एका टाकीचं ॲव्हरेज हे ॲव्हरेज नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडहून रोज अंधेरीला ऑफिसला जाणाऱ्या एका गृहस्थांकडे २०१८ची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. मीटरवर दोन रेघा उरल्या की ते १,५०० रुपयांचं पेट्रोल टाकतात, म्हणजे साधारण १४.५ लिटर. एका खेपेला १९० किलोमीटरमध्येच मीटर पुन्हा दोन रेघांवर आला, ॲव्हरेज पडलं १३.१. पुढच्या खेपेला तेवढ्याच पैशांत गाडी २६७ किलोमीटर चालली, म्हणजे १८.४. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले मात्र कायम १६.९ च्या आसपास. त्यांचं म्हणणं, पंपवाला मापात मारतोय की गाडीत काही बिघाड आहे?

मला वाटतं, बहुधा दोन्ही नाही. भांडुपला माझं गॅरेज आहे, पंचवीसेक वर्षं झाली. ही तक्रार महिन्यातून दोन-चार वेळा येतेच. गाडी लिफ्टवर घेण्याआधी मी एकच विचारतो, आकडा काढलात कसा? दहातल्या सात-आठ जणांचं दुखणं तिथेच सापडतं.

तुमचंच गणित घ्या. तुमच्या वर्णनावरून टाकी ३७ लिटरची आणि मीटरला आठ रेघा. म्हणजे एका रेघेमागे साडेचार लिटरहून जास्त पेट्रोल. ‘दोन रेघा’ याचा अर्थ दुसरी रेघ नुकती लागलीय किंवा आता विझेल, यातलं काहीही असू शकतं. त्यात टाकीच्या आत तरंगणारा फ्लोट, टाकीचा वेडावाकडा आकार, गाडी पुलाच्या चढावर आहे की सपाटीला, हे सगळं आलंच. आता दोन्ही खेपा एकत्र करा. १९० अधिक २६७, झाले ४५७ किलोमीटर. पेट्रोल २९ लिटर. भागाकार १५.८. गाडी खरोखर १५.८ देत असेल तर पहिल्या खेपेला जळलं १२ लिटर आणि टाकीत अडीच लिटर जास्तीचं राहिलं. दुसऱ्या खेपेला जळलं १६.९, म्हणजे ते अडीच लिटर तिथे वापरलं गेलं. दोन्ही वेळचा फरक एका रेघेपेक्षा कमीच आहे, म्हणून मीटरला तो दिसलाच नाही. गाडी दोन्ही वेळा सारखीच चालली असणं सहज शक्य आहे. एवढ्यावरून १५.८ हा आकडा पक्का झाला असं मात्र मी म्हणणार नाही. २९ लिटरच्या हिशेबातही दोन-तीन लिटरची चूक लपलेली असू शकते.

म्हणजे खरा प्रश्न असा की टाकीत आधी किती होतं आणि नंतर किती उरलं, हे नक्की कळायचं कसं? अर्धी टाकी, दोन रेघा, लाल दिवा, या खुणा भरवशाच्या नाहीत. बाहेरून बऱ्यापैकी पक्की कळणारी टाकीची पातळी एकच, ती म्हणजे फुल. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल, याला घरबसल्या दुसरा उपाय नाही.

पूर्वी होता. मी कुर्ल्याला उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनीवाले ‘ॲव्हरेज पडलाय’ म्हणून यायचे. उस्ताद टाकीची नळी काढून कार्बोरेटरला एक लिटरची बाटली जोडायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत हायवेला पिटाळायचे. माप अगदी काटेकोर, एक लिटर म्हणजे एक लिटर. आकडाही छान यायचा, ड्रायव्हर खूश होऊन जायचा आणि आठवड्याने तीच तक्रार घेऊन परत. कारण बाटली जळायची मोकळ्या हायवेवर आणि धंदा चालायचा दादर-परळच्या गर्दीत. माप बरोबर असून नमुना चुकीचा, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. (आजच्या इंजेक्शनच्या गाडीला हा प्रकार करू नका. पंप टाकीत असतो, लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब असतो. आणि बाटलीतल्या पेट्रोलने आग लागायची भीती तेव्हाही होतीच.)

आता फुल म्हणजे काय, इथे जरा थांबतो, कारण सगळी अचूकता इथेच मिळते किंवा जाते. पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वर येऊन ते भोक बुडलं की आतला पडदा खटका पाडतो आणि नोझल बंद होतं. तो पहिला ऑटो कट. तिथेच थांबायचं. आपल्याकडे पंपावरचा मुलगा कट झाल्यावर गाडीला दोन हिसके देतो, आणखी थोडं ओततो आणि विचारतो, ‘साहेब, राऊंड फिगर करू?’ त्या राऊंड फिगरमध्ये तुमचा हिशेब बुडतो. कट झाल्यावर नळीच्या गळ्यात आणि वर हवेसाठी सोडलेल्या जागेत तीन-चार लिटरसुद्धा मावतं. ‘पुस्तकात ३७ लिहिलंय आणि बिलात ४० आलं, पंपाने फसवलं’ अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याचशा इथल्याच. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा खराब झाला की पेट्रोल भरल्यावर गाडी नीट स्टार्ट होत नाही, आणि ते बिल काही लहान नसतं. म्हणून खाली उतरायचं, झिरो बघायचा आणि आधीच सांगायचं, ‘दादा, पहिल्या कटला सोडून दे, पैसे जे होतील ते देतो.’ हल्ली यूपीआय असल्याने सुट्ट्यांची अडचणही राहिलेली नाही.

पंप शक्यतो तोच, मशीनही तेच आणि गाडी उभी करायची दिशाही तीच. काही पंपांची जमीन पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते. गाडी एका अंगाला कलली की कट लवकर किंवा उशिरा पडतो. जोरात सोडलं तर फेस येतो आणि कट आधी पडतो, म्हणून शेवटचे काही लिटर हळू सोडायला सांगा. इतकं सगळं करूनही अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे होणारच. ते मान्य करून पुढे जायचं.

कारण ही चूक साठत नाही. लोकांच्या हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून माझ्याच गाडीच्या वहीतला एक तुकडा देतो. सुरुवातीला टाकी फुल केली, ओडोमीटर ४८,२१०. त्या दिवशी किती लिटर बसलं ते हिशेबात धरायचं नाही, ती फक्त पाटी कोरी करणं आहे. पुढे ४८,६३२ ला २७.३१ लिटर, ४९,०१८ ला २३.६४, ४९,४४७ ला २८.०२ आणि ४९,८७१ ला २६.१५ लिटर. दरवेळी पहिल्या कटपर्यंत फुल. सुटं सुटं काढलं तर १५.५, १६.३, १५.३, १६.२. तुमच्यासारखा माणूस यातल्या तिसऱ्या आकड्याला माझ्याकडे आला असता, ‘एक किलोमीटरने पडली हो गाडी’ म्हणत. एकत्र करा. किलोमीटर १,६६१, लिटर १०५.१२. ॲव्हरेज १५.८.

मधल्या एखाद्या फुलला अर्धा लिटर कमी बसलं असेल तर ते पुढच्या खेपेला आपोआप भरून निघालं. बेरजेत चूक उरते ती फक्त अगदी पहिल्या आणि अगदी शेवटच्या फुलची. समजा ती पाऊण लिटर धरली, तरी १०५ लिटरमध्ये एक टक्कासुद्धा होत नाही. ॲव्हरेजमध्ये फरक पडतो साधारण ०.१ चा. तेच पाऊण लिटर तुमच्या १४.५ लिटरच्या खेपेत पाच टक्क्यांहून जास्त झालं असतं, म्हणजे पाऊण किलोमीटरची तफावत, आणि तीही टाकी फुल करून. म्हणून मी चार-पाच टाक्यांच्या आत कुणालाच आकडा सांगत नाही. मधे कधी घाई असली आणि ५०० रुपयांचंच टाकलं, तरी बिघडत नाही. ते लिटर वहीत मांडा आणि बेरजेत धरा, फक्त त्या दिवशी भागाकार करू नका.

एक सावधगिरी. चार ॲव्हरेजची बेरीज करून चाराने भागू नका. समजा मोकळ्या रस्त्याला ४०० किलोमीटर २० ने गेलात आणि शहरात १०० किलोमीटर १० ने. पेट्रोल लागलं २० अधिक १० लिटर. खरं ॲव्हरेज ५०० भागिले ३०, म्हणजे १६.७. दोन आकड्यांची सरासरी मात्र १५ दाखवेल. आधी बेरीज, मग भागाकार.

आता मापाबद्दलचा संशय. तो अगदी खोटा असतो असं नाही, पण तपासायला सोपा आहे. प्रत्येक पंपावर वैधमापनचा (सरकारी वजनमाप खात्याचा) शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. माप बरोबर निघालं तर पंपाचा विषय संपला. अर्ध्या टक्क्याने १८.४ चं १३.१ होत नाही. पहाटे थंडगार पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हेही खूप ऐकतो. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं हे खरं, पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि मुंबईची हवा काही दिल्लीसारखी चार अंशांवरून पंचेचाळीसवर जात नाही. पहाटे उठायचं ते ट्रॅफिक टाळायला उठा, त्याने जास्त वाचेल.

लिटर झाले, आता किलोमीटर. ट्रिप मीटरपेक्षा मुख्य ओडोमीटर लिहा, कारण ट्रिप घरातलं कुणीतरी शून्य करतंच. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच चुकतो असं समजू नका. कंपन्या वेग मुद्दाम थोडा वाढवून दाखवतात, अंतर बरंच जवळपास असतं. टायर मात्र बघा. नवीन टायरला साधारण आठ मिलिमीटर नक्षी असते. झिजून दोनवर आली की ३१० मिलिमीटर त्रिज्येतले सहा गेले, म्हणजे दोन टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात आणि मीटर जास्त किलोमीटर मोजतो. गंमत अशी की नवे टायर घातल्यावर ‘ॲव्हरेज कमी झालं’ म्हणून येणाऱ्यांत काही जण याच दोन टक्क्यांचे असतात. तपासायचं असेल तर पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवरचे किलोमीटरचे फलक वापरा. रस्ता चौऱ्याण्णव किलोमीटरच्या वर आहे, त्यातले पन्नास पुरेत. फलक आणि ओडोमीटर बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्या, तुम्ही रस्ता बघा.

डिस्प्लेवरचं १६.९. तो आकडा इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीचा कॉम्प्युटर हिशेबाने काढतो, पेट्रोल मोजून काढत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो बहुतेक वेळा चार ते आठ टक्के जास्तच दाखवतो. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही, कारण तो एकाच प्रमाणात चुकतो. वहीतून तुमचं १५.८ पक्कं झालं तर १५.८ भागिले १६.९, म्हणजे ०.९३ हा तुमच्या गाडीचा गुणक. यापुढे पवई मार्गे की घाटकोपर मार्गे, एसी बंद की चालू, असली तुलना करायला डिस्प्ले एकदम कामाचा. फक्त खरा आकडा हवा असेल तेव्हा ०.९३ ने गुणा. काही गाड्यांत पेट्रोल भरलं की डिस्प्ले आपोआप शून्य होतो. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर करा.

आणि आता ज्याला निश्चित उत्तर नाही ती गोष्ट. मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) सोळा-सतरा किलोमीटर. १५.८ ने धरलं तर एका बाजूला एक लिटरच्या आसपास. यात समजा २५ मिनिटं गाडी नुसती उभी आहे, एसी चालू. अशा इंजिनला उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर लागतं, म्हणजे त्या २५ मिनिटांत तीनशे मिलिलिटर गेलं. जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल एक इंचही न हलता. रविवारी सकाळी हेच अंतर सातशे-आठशे मिलिलिटरमध्ये होईल. गाडी तीच, चालवणारा तोच. म्हणून वहीत किलोमीटर आणि लिटरच्या शेजारी तिसरा रकाना करा, डिस्प्लेवरच्या सरासरी वेगाचा. ताशी १५ च्या टाकीची तुलना ताशी २४ च्या टाकीशी करू नका. चौथा रकाना शेऱ्याचा. ‘कोकण’, ‘पाऊस, पाणी तुंबलं’, ‘सासरची मंडळी, पाच जण’. गणपतीत गावाला गेलात तर ती टाकी वेगळी काढा, नाहीतर सप्टेंबरचं ॲव्हरेज बघून ऑक्टोबरात उगाच गॅरेजला याल.

जाहिरातीतला बावीस-तेवीसचा आकडा यात आणू नका. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद, ठरलेला वेग वीसेक मिनिटांत वरखाली, जास्तीत जास्त ताशी ९०. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो ठीक. जेव्हीएलआर त्यात कुठेच नाही.

तुमची गाडी २०१८ची असल्याने २०१९ची वही असेल तर आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्याचा पाचवा हिस्सा धरला तर सहा-सात टक्के. इथेनॉलसाठी नीती आयोगाने २०२१मध्ये जो आराखडा काढला, त्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज आहे. तेव्हा ही गाडी १६.८ देत असेल आणि आज १५.८ देते, तर तिच्यात काही बिघडलेलं नाही. पण कुणी पंचवीस टक्के घट सांगून सगळं इथेनॉलवर ढकलत असेल, तर एवढी घट या गणितात बसत नाही, दुसरं काहीतरी आहे.

सीएनजीवाल्यांसाठी दोन ओळी. हिशेब किलोत करा, पण ‘फुल’ तिथे पंपाच्या दाबावर ठरतं. संध्याकाळी रांग लागलेली असताना प्रेशर कमी असलं तर सिलिंडर अर्धवटच भरतो आणि भरताना गॅस तापला तरी कमी मावतो. म्हणून तिथे चारऐवजी दहा-बारा भरण्यांची बेरीज घ्या. आणि गाडी स्टार्ट होताना पेट्रोल जळतं, तेही विसरू नका.

इतकं करून, सरासरी वेग साधारण सारखा असलेल्या सलग तीन-चार टाक्यांत दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर मग गाडी बघू. हवा तर आधी बघाच, थंड टायरला, घरून निघाल्या निघाल्या. मग ब्रेक. पावसाळ्यानंतर आपल्याकडे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) गंजून धरून बसायचं प्रमाण खूप. दहा-बारा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या जवळ हात न्या, हात लावू नका. समोरासमोरच्या चाकांत एखादं जास्त तापलेलं वाटलं तर ते धरतंय. त्यानंतर इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. एअर फिल्टर शेवटी, कारण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तो तुंबला तर पिकअप जातो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही. तो बदलून ‘बघा, सुधारलं’ म्हणणारे खूप भेटतील, त्यात माझे धंदेवाले मित्रही आले.

तर येत्या शनिवारी पहिल्या कटला टाकी फुल करा आणि ओडोमीटर लिहा. मग १,५०० चा हिशेब सोडून एक-दोन रेघा उरल्या की परत फुल, असं चार वेळा. तुमच्या वापराने दीड-दोन महिने जातील. त्यानंतर एकूण किलोमीटर, एकूण लिटर आणि सरासरी वेग, एवढे तीनच आकडे कळवा. १५ च्या वर असाल तर तुम्हाला गॅरेजला यायची गरज नाही. १४ च्या खाली असाल तर या, आधी चाकं उघडून ब्रेक बघतो.